मदत पोचली म्हणजे वाडी उभी राहिली?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. त्याचा विषय निघाला की आजही हटकून ऐकू येतं, "भरपाई मिळाली, पत्रे मिळाले, धान्य मिळालं. आता आणखी काय हवं?" चांगली शिकलेली माणसं हे बोलतात तेव्हा राग येतो, कारण साधा हिशेबही त्यांनी केलेला नसतो.

हिशेब असा. सरकारने फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार केली, तीही दोन हेक्टरांपर्यंतच. आकडा मोठा वाटतो. पण श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडच्या नारळ-सुपारीच्या वाड्या गुंठ्यांत मोजतात. हेक्टरात साधारण शंभर गुंठे, म्हणजे दहा गुंठ्यांच्या वाडीला पाच हजार रुपये! ओरड झाली, मग झाडामागे मदत ठरली: माडाला २५० रुपये, पोफळीला ५०. आडवा झालेला माड तोडून वाडीबाहेर ओढायची मजुरी तरी त्यात भागते का? तो तसाच कुजू दिला तर त्यात गेंड्या भुंगा वाढतो आणि वाचलेल्या माडांचे शेंडे पोखरतो.

समजा, पैसे भरपूर दिले. वेळ कुठून आणणार? माड-पोफळीला वाढीचा कोंब एकच, शेंड्यात. शेंडा मोडला की झाड संपलं, खालून फुटवा येत नाही. पोफळीचं रोप रोपवाटिकेतच वर्ष-दीड वर्ष वाढवावं लागतं. त्यातून कोवळ्या पोफळीला थेट ऊन सोसत नाही. ती माडांच्या सावलीत वाढायची, आणि माडच पडले. म्हणून आधी केळी लावायच्या, त्यांच्या आडोशाला पोफळी. पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं, उंच जातीच्या माडालाही जवळपास तेवढीच, आणि भरघोस उत्पन्न त्याच्याही पुढे. पोफळीवर चढवलेला मिरीचा वेल तर तिच्याबरोबरच गेलेला. एवढी वर्षं घर कशावर चालवायचं, याचं उत्तर पत्रे आणि धान्यात नाही.

"पडलेलं झाड म्हणजे सरपण" हेही सरसकट खरं नाही. आंब्याच्या कलमाची मुळं बऱ्यापैकी शाबूत असतील तर फांद्या छाटून, ते उभं करून, मातीची भर देऊन, कापांना बोर्डो पेस्ट लावून वाचवता येतं. मात्र हे पहिल्या काही दिवसांतच व्हायला हवं. त्या दिवसांत गावाला जुन्या कपड्यांची गाठोडी नकोत. कटर मशीन, दोरखंड आणि राबणारे हात हवेत.

"मुंबई वाचली, म्हणजे वादळ हुकलं," असंही म्हणतात; पण रायगडातल्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले.

"अरबी समुद्रात कुठे वादळं येतात?" नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आलं होतं. आणि मे २०२१ मध्ये तौक्ते याच किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा निसर्गनंतर लावलेल्या रोपांना वर्षही झालं नव्हतं.