उसाचे शिवार आणि संगणकाची स्मृती
बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऊसशेतीत उपग्रह-प्रतिमांचा वापर सुरू केला. परंतु बारामती-इंदापूरचे शिवार टिपणाऱ्या सेंटिनेल-२ उपग्रहाची प्रतिमा साध्या संगणकाला जड जाते, कारण तिच्या १० मीटर तपशिलाच्या प्रत्येक बँडमध्ये, म्हणजे एका तरंगपट्ट्याच्या नोंदीत, १०,९८० गुणिले १०,९८० चित्रबिंदू असतात आणि प्रत्येकी २ बाइटप्रमाणे ते सुमारे २४ कोटी बाइट रॅम, म्हणजे तात्पुरती स्मृती, व्यापतात. पिकाचा हिरवेपणा दर्शविणारा एनडीव्हीआय निर्देशांक मात्र त्या-त्या बिंदूच्या तांबड्या व निकट-अवरक्त नोंदींवरूनच निघत असल्याने ५१२ गुणिले ५१२ बिंदूंचा एकेक तुकडा वाचून, निकाल डिस्कवर लिहून पुढे सरकणे हीच शहाणपणाची रीत ठरते. अशा प्रतिमेतून उजनी जलाशयाचा काठ रेखताना मात्र शेजारचे बिंदूही लागतात. म्हणून तेथे तुकड्यांच्या कडा एकमेकींवर थोड्या चढवून घ्याव्या लागतात.