मोती गोड्या पाण्याचा कीं खाऱ्या पाण्याचा ?



लग्नसराई आली कीं आमच्या नाशकाच्या सराफबाजारांत एक प्रश्न हटकून ऐकूं येतो. सराफ गिऱ्हाइकापुढें दोन सर मांडतो; एक गोड्या पाण्यांतील मोत्यांचा, दुसरा समुद्राच्या मोत्यांचा. दोहोंच्या किंमतींत कित्येक पटींचें अंतर असतें. मग घरांतील वडील मंडळी विचारतात, "यांतला खरा कोणता ?" प्रश्न साधा दिसतो, परंतु तो विचारण्यांतच गैरसमज आहे. दोन्ही मोती खरेच असतात. 'मोत्याचें पाणी' असा जो शब्दप्रयोग आपल्या भाषेंत आहे, त्यांतील पाणी म्हणजे मोत्याचें तेज होय. मोती कोणत्या पाण्यांत जन्मला यापेक्षां त्याच्या अंगीं पाणी किती आहे, हें पाहून दागिना घ्यावा, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यांत पडून मोती होतो, ही कल्पना काव्यांत शोभून दिसते. वराहमिहिरानें तर बृहत्संहितेंत हत्ती, सर्प, मेघ व वेळू यांपासूनही मोती निपजतात असें नमूद केलें आहे. मात्र शिंपल्याचे मोती संख्येनें अधिक व गुणानें चांगले, हेंही त्यानेंच सांगितलें आहे. वस्तुतः शिंपल्याच्या मऊ अंगांत एखादा सूक्ष्म जीव किंवा बाहेरचा कण शिरला कीं त्याच्या उपद्रवापासून बचाव व्हावा म्हणून तो प्राणी आपल्या कवचाच्या आंतील चकचकीत द्रव्याचे थर त्याच्याभोंवतीं चढवितो. हें द्रव्य म्हणजे चुनखडीच्या जातीचे अतिसूक्ष्म स्फटिक व त्यांस जोडणारा सेंद्रिय पदार्थ. या असंख्य थरांवरून प्रकाश परतत असतांना जी झळाळी उत्पन्न होते, तेंच मोत्याचें पाणी. समुद्रांतील शिंपला काय किंवा नदीतळ्यांतील शिंपला काय, थर चढविण्याची ही क्रिया एकच आहे.

आपल्या आजी-पणजींच्या नथींत, कुड्यांत आणि तन्मण्यांत जे मोती आढळतात, त्यांस आपण बसऱ्याचे मोती म्हणतों. प्रत्यक्षांत ते इराणच्या आखातांत, विशेषतः बहरीनच्या आसपास, पाणबुडे काढीत. बसरा हें व्यापाराचें बंदर. मुंबई ही या मालाची मोठी पेठ होती. तेथील जवाहिरे मोत्यांची किंमत 'चव' नांवाच्या मापानें ठरवीत व त्यांत वजनाचा वर्ग धरीत. म्हणजे वजन दुप्पट तर किंमत चौपट. मोठा मोती सांपडणें दैवाधीन होतें, त्याचें हें मोल. १८९३ सालीं जपानांत कोकिची मिकिमोतो याला शिंपल्यांत मुद्दाम बीज घालून अर्धगोल मोती निपजविण्यांत यश आलें. पुढें इतर संशोधकांच्या खटपटीनें पूर्ण गोल मोतीही साधला, आणि १९२० नंतर तो जगाच्या बाजारांत पसरला. त्यांत जागतिक मंदीची भर पडून १९३० नंतरच्या दशकांत आखातांतील मोत्यांचा धंदा कोसळला. आपल्याकडेही तुतिकोरीन येथील संशोधकांनीं १९७३ सालीं समुद्री शिंपल्यांत असा मोती निपजविला. म्हणून आज दुकानांत 'समुद्राचा' म्हणून जो नवा मोती मिळतो, तो जवळजवळ नेहमींच संवर्धित, म्हणजे शिंपल्यांची जोपासना करून काढलेला असतो. गोड्या पाण्यांतील मोत्याचेंही तसेंच. तेव्हां एक नैसर्गिक व दुसरा कृत्रिम, असा हा भेद नव्हे.

भेद आहे तो घडणींत. समुद्रांतील शिंपल्यांत बीज म्हणून शिंपेचा एक गोल मणी व दुसऱ्या शिंपल्याच्या अंगावरील मऊ पडद्याचा तुकडा घालतात. मौज अशी कीं, हा मणी पुष्कळदां अमेरिकेंतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यांतील शिंपांचा केलेला असतो. म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मोत्याच्या पोटांत गोड्या पाण्याची शिंप! मण्यामुळें मोती गोल होतो, पण तेजस्वी थर वरवरचाच राहतो. जपानी अकोया मोत्यांत तो कित्येकदां अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतो. ऑस्ट्रेलियाकडील मोठ्या मोत्यांत तो बराच जाड असतो. गोड्या पाण्यांतील शिंपल्यांत बहुधा मणी न घालतां नुसते पडद्याचे तुकडे ठेवतात, म्हणून तो मोती आंतबाहेर एकाच द्रव्याचा होतो. समुद्री शिंपल्यांत एखाद-दुसरा मोती धरतो, तर चीनमधील गोड्या पाण्याच्या एका शिंपल्यांत तीसतीस मोतीही निपजतात. स्वस्ताईचें कारण या विपुलतेंत आहे, हलकेपणांत नाहीं. उणीव एवढीच कीं, मण्याचा आधार नसल्यामुळें दाणे लांबट किंवा वेडेवांकडे होतात. अगदीं गोल दाणा विरळा, म्हणून तोही महाग. अलीकडे गोड्या पाण्यांतही मणी घालून मोठे मोती काढूं लागले आहेत, हें ध्यानांत ठेवावें.

मग निवड कशी करावी ? चिंचपेटी, तन्मणी, बाजूबंद यांत बारीक दाण्यांच्या ओळी असतात. तेथें गोड्या पाण्याचे दाणे उत्तम शोभतात. रोजच्या कुड्यांना व बांगड्यांनाही तेच बरे. कारण वापरानें थर झिजला तरी आंतला मणी उघडा पडण्याचें भय नाहीं. ज्या एकेरी सरांत प्रत्येक दाणा गोल, समान व आरशासारखा हवा, आणि जो सणासमारंभालाच बाहेर निघावयाचा, तो ऐपत असल्यास समुद्री मोत्यांचा घ्यावा. परंतु थराची जाडी पाहिल्याविना पैसे मोजूं नयेत. सर दिव्यासमोर हळूहळू फिरवावा. दाणा क्षणांत उजळ, क्षणांत निस्तेज असा आलटून पालटून दिसला, तर थर पातळ समजावा. भोंकाच्या तोंडाशीं भिंगानें पाहिल्यास मणी व थर यांमधील रेषाही दिसते.

कौटिल्यानें अर्थशास्त्रांत तेज, गोलाई, जडपणा वगैरे मोत्याचे गुण सांगतांना भोंक योग्य जागीं असणें हाही एक गुण मानला आहे. नथ घेतांना हें अवश्य पाहावें. तिरप्या भोंकाचा दाणा तारेवर सरळ बसत नाहीं. मोती दांतावर हळूच घासला असतां किंचित् खरखर लागते, कांचेचा नकली दाणा गुळगुळीत लागतो, ही जुनी परीक्षा ठीक आहे. पण ती पाण्याची जात सांगत नाहीं, कीं मोती नैसर्गिक आहे हेंही सांगत नाहीं. तो निवाडा प्रयोगशाळेंतील क्ष-किरणांचा.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नवा मोती निवडतांना चूक झाली तर थोडे पैसे जातील. जुन्याच्या बाबतींत झाली तर गेलेली वस्तु परत येणार नाहीं. वडिलोपार्जित नथीचे दाणे पिंवळसर दिसतात, म्हणून "हे द्या, पांढरे शुभ्र बसवून देतों," असें कोणी म्हटलें कीं घरचीं माणसें भुलतात. ते मळकट दाणे नैसर्गिक आखाती मोती असूं शकतात, आणि त्यांची जोड आज सहजासहजीं मिळत नाहीं. पटवेकऱ्याकडे गांठवावयास देण्यापूर्वीं दाणे मोजावेत, वजन करावें, छायाचित्र काढून ठेवावें व शक्य तर समोर बसून गांठवून घ्यावें. दाणे पुष्कळ असल्यास मुंबईस रत्नपरीक्षा करविण्याचा खर्च वायां जात नाहीं.

पावतीविषयींही दक्ष असावें. सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क २०२१ पासून टप्प्याटप्प्यानें सक्तीचा झाला. पण तो शिक्का सोन्याच्या शुद्धतेचा, मोत्याविषयीं तो मुकाच. म्हणून सोन्याचें वजन वेगळें व मोत्यांचें वेगळें लिहवून घ्यावें, आणि मोती नैसर्गिक कीं संवर्धित, गोड्या पाण्याचा कीं खाऱ्या, हेंही पावतीवर मागावें. जो हें लिहून देण्यास कांकूं करतो, त्याच्याकडून न घेतलेलें बरें.

शेवटीं, मोती हा दगड नव्हे. घाम, अत्तर, लिंबाचा रस यांनीं त्याचा थर खराब होतो. म्हणून मोत्यांचा दागिना सर्वांत शेवटीं घालावा, सर्वांत आधीं उतरावा व मऊ सुती कापडानें पुसून ठेवावा. एवढी निगा राखली तर तळ्यांतला स्वस्त मोतीही लेकीच्या लेकीला घालतां येईल. न राखली तर समुद्रांतला महाग मोतीही आपल्या डोळ्यांदेखत पाणी गमावून बसेल.