यात्रा, कुटुंब आणि मद्यपान

मद्यपान चांगलें कीं वाईट, हा प्रश्न येथें काढावयाचा नाहीं. बहुतेक वाचकांनीं त्याचा निकाल आपल्यापुरता पूर्वींच लावलेला असतो, आणि ज्यांनीं तो वेगळा लावला असेल ते एका लेखानें मत पालटतील अशी आशा मला नाहीं. येथें प्रश्न आहे तो स्थलाचा. जेथें आजी नातवास कडेवर घेऊन, लेकीसुना नटूनथटून, असें कुटुंबच्या कुटुंब जमतें, त्या उत्सवांत एखादा झिंगलेला मनुष्य शिरला तर जागा कोणीं सोडावी? त्यानें कीं कुटुंबानें? व्यवहारांत जागा कुटुंबच सोडतें, हें आपण दरसाल पाहतों. "चला, आतां घरीं चला" असें वडील माणूस म्हणतें, आणि मुलांचा पाळणा राहून जातो.

हें दुखणें केवळ आपलेंच नव्हे. अमेरिकेंत वॉल्ट डिस्नी यांनीं १९५५ सालीं मुलांसह आईबापांनीं यावें म्हणून कॅलिफोर्नियांत डिस्नेलँड हें क्रीडाउद्यान काढलें. तेथें सर्वसाधारण प्रेक्षकांस मद्य मिळत नसे. हा नियम साठांहून अधिक वर्षें टिकला व २०१९ सालीं सैल झाला. फ्लोरिडांतील त्यांच्याच संस्थेच्या एपकॉट उद्यानांत मात्र १९९६ पासून अन्न आणि वाइन यांचा महोत्सव भरूं लागला. तेथें एका तळ्याभोंवतीं अकरा देशांचे मंडप आहेत, आणि प्रत्येक मंडपांत एकेक पेला घेत सगळी प्रदक्षिणा पुरी करावयाची, असा खेळच कित्येकांनीं करून टाकला आहे. त्याच वाटेनें आईबाप बाबागाड्या ढकलीत चाललेले असतात. अकरावा पेला पोटांत गेलेल्या मनुष्यापासून पहिलें पाऊल टाकणाऱ्या मुलास जपणें, हें मग आईचें काम होऊन बसतें.

आपल्याकडे नाशकास २००८ पासून सुला या द्राक्षमळ्यावर संगीत आणि वाइन यांचा उत्सव सुरू झाला. त्याच्याविषयीं माझी येथें तक्रार नाहीं. कारण त्यांत फसवणूक नाहीं. जाणारा कशासाठीं जातो हें त्यास ठाऊक असतें. अडचण येते ती उत्सव एका कारणाचा आणि त्यांत मद्य आगंतुक, अशा ठिकाणीं. आमच्या वऱ्हाडांतील यात्रा बहुतांशीं देवाच्या व अन्नाच्या. सातपुड्याच्या पायथ्याशीं बहिरमची यात्रा डिसेंबर-जानेवारींत भरते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी आणि मातीच्या हंडींतलें मटण यांसाठीं ती दूरवर प्रसिद्ध आहे. ज्यास जें चालतें तें त्यानें खावें. एका चुलीशेजारीं दुसरी चूल नांदते, यांतच तिची गोडी आहे. पूर्णेच्या तीरीं ऋणमोचनाची यात्रा पौषांतील रविवारीं भरते. पोळा आहे, गणपति आहे. यांपैकीं एकाहि उत्सवाचें मद्यावांचून कांहीं अडत नाहीं. तरी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशींची कर किंवा विसर्जनाची मिरवणूक आली, कीं बायकामाणसें लौकर दारें लावून घेतात. हें चित्र मला लाजिरवाणें वाटतें.

महाभारतांतील मौसलपर्व ज्यांनीं वाचलें असेल त्यांस यांत नवीन कांहीं दिसणार नाहीं. यादवांच्या नाशापूर्वीं द्वारकेंत दवंडी पिटण्यांत आली होती, कीं यापुढें कोणीं सुरा करूं नये. करील त्यास बांधवांसह सुळीं चढविलें जाईल. यापेक्षां कडक कायदा कोणता असणार? परंतु पुढें तेच यादव बायकामुलें व नानाप्रकारचें खाद्यपेय बरोबर घेऊन प्रभासतीर्थीं यात्रेस निघाले. तेथें प्रत्यक्ष श्रीकृष्णाच्या देखत पान सुरू झालें. सात्यकीनें कृतवर्म्यास जुन्या गोष्टीवरून हिणविलें, शब्दास शब्द लागला, आणि हातीं येईल तें एरकेचें गवत मुसळ होऊन बापानें मुलास व मुलानें बापास मारिलें. व्यासांनीं हा प्रसंग रणांगणावर किंवा राजसभेंत न ठेवतां कुटुंबांच्या यात्रेंत ठेविला आहे, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

कौटिल्य अधिक व्यवहारी. त्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षावर एक प्रकरणच आहे. उत्सव, समाज व यात्रा या प्रसंगीं चार दिवस मद्य करण्याची मोकळीक द्यावी, असें तो सांगतो. पण त्याच प्रकरणांत पानगृहें निराळीं असावींत, त्यांत खोल्या, शय्या व आसनें असावींत, आणि पिणारांनीं तेथेंच प्यावें, हिंडूं नये, असेंहि तो बजावतो. राज्यास कर हवा हें त्यास मान्य; परंतु रस्ता पिणाराच्या स्वाधीन करणें त्यास मान्य नाहीं.

तरी या प्रश्नाचें खरें उत्तर आमच्याच मातींत मिळालें. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं १८७६ सालीं डेबूजी झिंगराजी जाणोरकर जन्मले. दारूच्या व्यसनानें त्यांचे वडील अकालीं गेले, आणि आईस लेकरू घेऊन अकोला जिल्ह्यांत मूर्तिजापूर तालुक्यांतील दापुऱ्यास माहेरीं जावें लागलें. पुढें या डेबूजींच्या घरीं मुलीचें बारसें झालें. अशा प्रसंगीं जातभाईंस मद्यमांसाचें जेवण घालण्याची रूढि होती. डेबूजींनीं गोड जेवण घातलें. लोक रागावले, पण ते बधले नाहींत. हेच पुढें गाडगेबाबा झाले. १९०५ सालीं घर सोडल्यावर १९५६ पर्यंत गांवोगांव त्यांनीं हातांत खराटा घेऊन रस्ते झाडले आणि रात्रीं कीर्तनांतून दारूवर, कर्जावर व पशुबळीवर प्रहार केले. पण त्या सर्व कीर्तनांच्या आधीं तें बारसें आहे. दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वीं त्यांनीं स्वतःच्या घरच्या उत्सवांतून मद्य काढून टाकिलें.

कायद्याचें साहाय्य आपणांस नाहीं असें नाहीं. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रांत आजहि चालू आहे. सार्वजनिक जागीं दारूच्या अमलांत बेशिस्त वागणें हा त्याप्रमाणें गुन्हा आहे. २००८ च्या नियमान्वयें एखाद्या प्रभागांतील वा गांवांतील पंचवीस टक्के स्त्री-मतदारांनीं मागणी केल्यास दुकानासंबंधीं मतदान घेतां येतें. 'आडवी बाटली' हें त्याचें लोकांच्या तोंडीं बसलेलें नांव. मात्र केवळ मतास आलेल्यांचें नव्हे, तर एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिकांचें मत बंदीच्या बाजूनें पडावें लागतें. म्हणून घरीं बसलेली प्रत्येक बाई नकळत दुकानाच्याच बाजूनें मत देत असते. सरसकट बंदीचें मात्र एकमत नाहीं: शेजारच्या वर्धा जिल्ह्यांत ती सत्तरीच्या दशकापासून आहे, तर चंद्रपुरांत २०१५ सालीं लागू झालेली बंदी २०२१ सालीं उठविण्यांत आली.

म्हणून सुशिक्षित कुटुंबांस माझें सांगणें थोडकें आहे. उत्सवमंडळास वर्गणी देतांना, मिरवणुकींत पिऊन येणारास आवरण्याची व्यवस्था काय, हें यजमानानें विचारावें, व उत्तर मिळाल्यावांचून पावती फाडूं देऊं नये. झिंगलेल्यास मारहाण करूं नये. चार जाणत्यांनीं त्यास बाजूस घेऊन घरीं पोंचवावें. त्याच्याहि घरीं कोणी वाट पाहत असतें. आणि सर्वांत अवघड गोष्ट आपल्या अंगणांतली. "हें दुसऱ्यांच्या वस्तींतलें" असें म्हणण्याची आतां सोय राहिलेली नाहीं. आपल्याच लग्नांच्या वरातींत, वाहनतळाच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत, नवरदेवाचे शिकलेसवरलेले मित्र काय करितात हें वडील मंडळी जाणतात, आणि मंगल कार्यांत वाद नको म्हणून मान फिरवितात. ती फिरविलेली मान मुलें पाहत असतात.

बारशास बोलाविलेले जातभाई रागावले तरी डेबूजींच्या मुलीचें नांव ठेवावयाचें राहिलें नाहीं. आपल्याहि कार्यांत दोनचार मंडळी रागावून गेलीं तर जावोत. आजी, नातू आणि लेकीसुना यांना मांडवांतून लौकर उठावें लागणार नाहीं, एवढें यजमानानें पाहिलें म्हणजे त्याचें कर्तव्य झालें.