वाळवणाचे दिवस आणि भाजण्याचे अपघात

एप्रिल-मे उजाडला की अंगणात चूल मांडली जाते आणि कुरडयांचा चीक रटरटू लागतो. मुलांना सुट्टी असते. चिकाच्या आशेने ती चुलीभोवतीच घुटमळतात. या दिवसांत माझ्या दवाखान्यात येणारी भाजलेली मुले बहुधा जाळाने नव्हे, तर चिकाने भाजलेली असतात. उकळते पाणी अंगावरून ओघळून जाते. चीक मात्र चिकटून बसतो व भाजतच राहतो. त्यात मुलांची त्वचा पातळ, त्यामुळे जखम खोल जाते.

मी पाहिलेले कित्येक अपघात चुलीपाशी नव्हे, जिन्यात झालेले आहेत. खाली चीक शिजवायचा आणि फडक्याने धरून पातेले गच्चीवर न्यायचे, ही पद्धत सोडून द्यावी. सोऱ्या खालीच भरून वर न्यावा. वाऱ्याने जाळ पदराकडे वळतो, म्हणून वारा पडलेला असताना पहाटेच काम उरकावे. साडी सुती असावी, पदर खोचलेला असावा. चुलीपासून तीन-चार हातांवर रांगोळीची रेघ ओढून मुलांना पलीकडेच बसवावे व चीक निववून वाटीत द्यावा. पोरे रेघ कितपत पाळतात हे आपण जाणतोच! तेव्हा घरातील एका मोठ्या माणसाकडे फक्त मुले सांभाळण्याचे काम द्यावे.

तरीही कोणी भाजलेच, तर चीक पुसत बसू नये. लगेच साधे गार पाणी ओतायला लागावे आणि ते पूर्ण 20 मिनिटे ओतावे. बांगड्या, अंगठ्या सूज चढण्याआधी काढाव्यात. टंचाईत एवढे पाणी कुठून आणायचे, असे भगिनी विचारतात. तांब्याने बारीक धार धरली तर दोन बादल्या पुरतात. त्या चूल पेटवण्यापूर्वीच भरून ठेवाव्यात. लहान मुलाचे बाकीचे अंग कोरड्या कापडात गुंडाळावे, नाहीतर ते गारठते.

बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद यांपैकी काहीही लावू नये. लेपाखाली जखम किती खोल आहे ते आम्हाला दिसत नाही आणि तो काढताना रुग्णाचे हाल होतात ते वेगळेच. फोड फोडू नयेत. स्वच्छ कापडाने जखम सैलसर झाकावी. भाजलेला भाग रुग्णाच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठा असेल, किंवा चेहरा, हात, पाय, जांघ भाजली असेल, तर थेट रुग्णालय गाठावे. वाहन नसल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत 20 मिनिटे झाली नसतील तर पाणी ओतणे चालू ठेवावे.