टक्केवारी वर्षाची असते

‘पाळीच्या आधीचे सात आणि नंतरचे सात दिवस काही होत नाही.’ हा सल्ला मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे इतकी वर्षं चालत आला आहे की तो डॉक्टरांनीच दिला असावा असं वाटतं. तो निव्वळ खोटा नाही, म्हणूनच तर फसवा आहे.

अंडाशयातून बाहेर पडलेलं स्त्रीबीज जेमतेम 12 ते 24 तास टिकतं. शुक्राणू मात्र अनुकूल स्राव असेल तर पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणजे बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढाच काय तो गर्भधारणेचा काळ. अडचण अशी की हे सहा दिवस नेमके कोणते, ते त्या वेळी कळत नाही. पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी बीज सुटतं, हे जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी 1920च्या दशकात दाखवून दिलं. पण पुढची पाळी कधी येणार, हे ती आल्यावरच समजतं! जिला 23 दिवसांनी पाळी येते तिचं बीज नवव्या दिवशीच सुटू शकतं. तिच्या बाबतीत पाळी संपता संपता आलेला संबंधही ‘सुरक्षित’ नाही. आजारपणात किंवा ताणात नियमित पाळीही पुढे सरकते. अमेरिकी संशोधक ॲलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पाठ्यपुस्तकात सांगितलेल्या 10 ते 17 या दिवसांत ज्यांचे हे सहाही दिवस बसले, अशा स्त्रिया फक्त 30 टक्के निघाल्या.

दुसरा घोळ टक्क्यांचा. काहीच साधन न वापरणाऱ्या तरुण, निरोगी जोडप्याला एका महिन्यात दिवस जाण्याची शक्यता साधारण 20 ते 25 टक्के असते. एक-दोन महिने काही झालं नाही की धीर चेपतो. वर्षभरात मात्र अशा 100 जोडप्यांपैकी 85 जणींना दिवस गेलेले असतात.

साधनांच्या यशाचे आकडेही वर्षाचेच असतात, आणि प्रत्येक साधनाला ते दोन असतात. दर वेळी, अगदी बिनचूक वापरला तर निरोध वर्षभरात 100 पैकी दोघींच्या बाबतीत फसतो. पण माणसं जशी वापरतात तसा वापरला, म्हणजे कधी उशिरा, कधी ‘आज राहू दे’ म्हणत, तर 13 जणींच्या. गोळ्यांचं तेच: रोज न चुकता घेतल्या तर हजारात तिघी, प्रत्यक्षात 100 पैकी सात. आता 13 टक्क्यांचा धोका तसाच पाच वर्षं धरून हिशेब करून पाहा. पाचव्या वर्षाअखेर तो जवळपास निम्म्यावर जातो. धाकट्याचा पाळणा पाच वर्षं लांबवायचा असेल, तर साधन निवडताना बघायचा आकडा हा आहे. आपल्या सरकारी जाहिरातींनी ‘वापरा’ एवढंच सांगितलं, हिशेब कधी सांगितला नाही, ही माझी त्यांच्याविषयीची जुनी तक्रार.

तांबीचे दोन आकडे मात्र जवळजवळ सारखे आहेत: 0.6 आणि 0.8. कारण उघड आहे, बसवल्यावर लक्षात ठेवण्यासारखं काही उरत नाही. तांबं शुक्राणूंना निकामी करतं. तांबीत संप्रेरकं नसतात. 380ए ही तांबी दहा वर्षं चालते आणि काढल्यावर लगेच दिवस राहू शकतात. सुरुवातीचे काही महिने अंगावरून जास्त जातं, पोटात दुखतं, हे आधीच सांगायला हवं. ‘तांबी वर चढते, काळजापर्यंत जाते’ ही भीती मात्र अनाठायी. ती गर्भाशयातून आरपार जाणं हजारात एखादीच्या बाबतीत घडतं, आणि काळजापर्यंत वाट नाहीच.

सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’ हे इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा मिळतं. ते बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने उशीर लागतो, म्हणून लवकर मूल हवं असणाऱ्यांनी जपून निवडावं. ‘छाया’ ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली बिनसंप्रेरकाची गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा घ्यायची. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन चालू असेल तर संप्रेरकांच्या रोजच्या गोळ्यांवर विसंबू नका. आणि 72 तासांतली तातडीची गोळी बीज सुटणं लांबवते; ते आधीच सुटलं असेल तर तिचा उपयोग होत नाही. ती दर महिन्याचं साधन नव्हे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याला शंभर वर्षं होत असताना झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी 38 टक्क्यांची नसबंदी झालेली होती. नवऱ्याची झालेल्या फक्त 0.3 टक्के. खरं तर पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया काही मिनिटांची, पोट न उघडता होणारी आणि स्त्रीच्या नसबंदीहून खात्रीची आहे. पौरुषावर तिचा काही परिणाम होत नाही. फक्त एक पथ्य पाळा: शस्त्रक्रियेनंतर तीन महिने दुसरं साधन वापरा, आणि वीर्यतपासणीत शुक्राणू नाहीत असं लेखी आल्यावरच ते सोडा.