भाकरीस पिठल्याची जोड

जामखेड-कर्जतकडील शाळू ज्वारीत शंभर ग्रॅमांस सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या २० जातींच्या मण्यांची माळ होय. यांपैकी ९ मणी शरीरास घडविता येत नाहीत. ते अन्नातूनच मिळावे लागतात. ज्वारीत लायसिन हा मणी फार तोकडा. तो संपला की इतर मणी असूनही नवी माळ पुरी ओवली जात नाही, व वाढत्या मुलाचे अंग भरत नाही. हरभरा, तूर, हुलगा यांत लायसिन विपुल. मेथिओनिन उणे, ते ज्वारीतून मिळते. तेव्हा पिठले हे केवळ गरिबाचे कोरड्यास नव्हे. शेंगदाण्याच्या चटणीने मात्र हे काम तितकेसे साधत नाही. तीत लायसिन डाळींहून बरेच कमी. आणि जेथे पिठले कर्त्या पुरुषांस आधी वाढून लेकरास भाकरी-मिरचीच उरते, तेथे ही उणीव नेमकी लेकराच्याच वाट्यास येते.