ताण तोच, माणसे निराळी

एकाच घरातील दोन भावंडांना एकाच दिवशी ताप चढतो. एक अंथरुणातही खेळत राहते, दुसरे आईचा पदर सोडत नाही. आम्हा बालरोगतज्ज्ञांना हे रोजचेच. मात्र शरीराच्या प्रतिकारशक्तीविषयी आपण पालकांशी जेवढे बोलतो, त्याच्या शतांशानेही मनाच्या प्रतिकारशक्तीविषयी बोलत नाही.

या विषयातील एक पायाभूत अभ्यास बालकांवरच झालेला आहे. हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर व रूथ स्मिथ यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. त्यांपैकी २०१ मुलांच्या वाट्याला दारिद्र्य, जन्मसमयीची गुंतागुंत, गृहकलह, पालकांचा मनोविकार अशी अनेक संकटे दुसऱ्या वर्षाच्या आतच आली होती. तरीही त्यांतील ७२ मुले कर्तबगार व प्रेमळ माणसे झाली. ती तान्हेपणापासून हसरी, चपळ, माणसांना ओढून घेणारी होती. पुढे वेळेवर मदत मागणे, धाकट्यांची जबाबदारी घेणे आणि आपल्या प्रयत्नाने काही बदलते असा विश्वास बाळगणे, हे त्यांच्या अंगवळणी पडले. शिवाय आजी, मावशी, शेजारी वा शिक्षक असे एक तरी स्थिर माणूस त्यांना लाभले होते. किशोरवयात वाट चुकलेल्यांपैकीही पुष्कळजण तिशीत सावरले, हे मला त्याहून महत्त्वाचे वाटते.

माझ्याकडे थॅलेसेमियाची दोन मुले येत. दर तीन आठवड्यांनी रक्त, शिवाय शरीरात साठणारे लोह काढण्याचे औषध. दोघांचा आजार सारखाच. एकीची आई वहीत हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि पुढची तारीख नेमाने टिपून ठेवी. दुसरी प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारी, हे आमच्याच वाट्याला का? पहिली खंबीर, दुसरी हळवी, असा निवाडा मी मनोमन देऊन टाकला होता. पहिलीच्या सासूबाई दर खेपेला डबा घेऊन सोबत बसतात, आणि दुसरीला सासरी या आजाराचा दोष दिला जातो, हे मला फार उशिरा कळले. वास्तविक हा दोष आई आणि वडील अशा दोघांच्या जनुकांतून येतो! आपण डॉक्टर मंडळी 'स्वभाव' हे निदान फार घाईने करतो. दुसरीच्या पतीला बोलावून समजावणे हे माझेच काम होते. ते केल्यानंतर काही महिन्यांनी तिच्याही पिशवीत वही दिसू लागली.

एप्रिल २०२१ मध्ये मी स्वतः कोणत्या जातीचा, हे कळले. घरी मी बोलेनासा झालो, रात्री फोनच्या धास्तीने जागा राही, दिवसा कंपाउंडरवर खेकसे. पुस्तकात याला ताण टाळण्याचा मार्ग म्हणतात, हे मी विद्यार्थ्यांना शिकवीत असे. त्या दिवसांत रक्तदाते मिळेनासे झाले होते. वहीवाली आई मात्र गल्लीतील चौघांची नावे आधीच लिहून घेऊन आली. वही मिटून तिने विचारले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही घरी कोणाशी बोलता का?"

मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. त्या रात्री मात्र पत्नीला उठवले आणि त्या आठवड्यात काय काय पाहिले ते सांगू लागलो. दूधवाला आला तेव्हाही आम्ही बोलतच होतो.